छत्री वर जाईपर्यंत

मिलिंद,

तू गेलास त्या दुपारी नॉटिंगहॅमची ट्रेंट नदी घटकाभर उलटी वाहिली, असं मी सगळ्यांना सांगितलं. क्रेमॅटोरियमच्या बाहेर सांगितलं, मराठी मंडळाच्या हॉलमध्ये सांगितलं, लंडनमधल्या आमच्या पिनरच्या भाजीवाल्यालाही सांगितलं. एकानेही हरकत घेतली नाही. बायकांनी डोळे पुसले, पुरुषांनी माना डोलावल्या, भाजीवाल्याने कोथिंबिरीची जुडी फुकट दिली. तेव्हा मी पहिल्यांदा घाबरलो. तू असतास तर घोळक्याच्या मागून ती काळी छत्री वर गेली असती आणि तुझा मास्तरी आवाज आला असता, "थाप. ट्रेंट इतकी संथ आहे की उलटी वाहिली तरी कोणाला कळायचं नाही. पुढे बोल, दिग्या."

आता पुढे बोल म्हणणारं कोणी नाही. थांब म्हणणारंही नाही. आणि माझं तोंड तर तुला माहीत आहे.

तुझ्या पदव्या, तुझे निबंध, नॉटिंगहॅमच्या युनिव्हर्सिटीत तू किती वर्षं आर्थिक इतिहास शिकवलास, हे सगळं दुसरे लिहितील. त्यांना ते नीट येतं. मी जन्मभर चष्मे विकले. बारकं असेल ते मोठं करून दाखवणं हाच माझा धंदा होता, आणि दुकान बंद केल्यावरही ती खोड गेली नाही. मला आठवते ती छत्री.

तुला आठवतं का, आपण भेटलो तो मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम? फराळाच्या टेबलापाशी मी एका सरदारीणबाईंच्या घोड्याला चष्मा बसवल्याची हकिकत सांगत होतो. घोड्याचं नाक, चष्म्याची दांडी, घोड्याने पहिल्यांदा स्पष्ट पाहिलेलं गवत! लोक चकल्या खायचे थांबले होते. दारातून तू भिजून आत आलास. कोणी ओळखीचं नव्हतं, म्हणून तसाच मागे उभा राहिलास, आणि वर्गात मुलं हात वर करतात तशी ती ठिबकणारी छत्री वर केलीस.

"विचारा," मी म्हणालो.

"विचारायचं काही नाही. ही थाप आहे," तू म्हणालास, "पण चांगली आहे. चालू द्या."

हॉल खदखदून हसला. मला राग यायला हवा होता. पण खरं सांगतो (हो, कधीकधी सांगतो), मला इतकं सुटल्यासारखं वाटलं! जन्मभर मी गच्चीच्या कठड्यावरून चालत होतो आणि खाली कोणीतरी जाळी धरली, असं. त्यानंतर आपण अहो-जाहो करत एक कप चहा प्यालो आणि दुसऱ्या कपाला अरे-तुरेवर आलो.

मग आपली ती सहल सुरू झाली. लंडनच्या सिटीत, बँकांच्या गल्ल्यांतून, आपल्या मंडळींना घेऊन. बँक नावाच्या ट्यूब स्टेशनच्या पायऱ्यांपाशी जमायचं, डबे पिशव्यांत, आणि तू दोन महायुद्धांच्या मधल्या काळाची गोष्ट सांगायचास. कुठल्या देशाचं चलन कसं कोसळलं, कोणी कोणाला कर्ज दिलं, कर्जाबरोबर कोणत्या अटी आल्या. विषय इतका रुक्ष की कबुतरंसुद्धा उडून जायची. म्हणून तू मला बरोबर घेतलंस. ठरलं असं, की प्रत्येक सहलीत मी मधेच एक थाप घुसडायची, अगदी सरळ चेहऱ्याने. तू ती पुरती होऊ द्यायचीस, लोकांना ती पचू द्यायचीस, आणि मग छत्री वर. मग खरं काय ते सांगायचं.

"तू थाप मार," तू म्हणायचास, "मी चौथं शील सांभाळतो."

पंचशीलातलं चौथं, खोटं न बोलण्याचं. तुझ्या घरी ते रोज म्हटलं जायचं. तू स्वतः कधी एवढीशी थाप मारली नाहीस. रत्नावहिनींची भाजी खारट झाली तरी "आज मीठ जागं आहे" इतकंच. आणि असला माणूस माझ्यासारख्याला बगलेत घेऊन फिरायचा. लोकांना वाटायचं, मी तुला हसवतो म्हणून. मलाही तेच वाटायचं.

आपली सगळ्यात गाजलेली थाप अंड्याची. एकोणीसशे एकतीसचा उन्हाळा. व्हिएन्नातली एक मोठी बँक बुडाली, मग बर्लिन हादरलं, आणि मग लोक लंडनकडे वळले. पौंड विकायचे, सोनं न्यायचं. इथलं मजूर पक्षाचं सरकार कर्ज मागायला निघालं, न्यूयॉर्कला आणि पॅरिसला. इथवर तू. मग मी पुढे व्हायचो. आवाज खाली आणायचो. "मंडळी, तेव्हा लंडनच्या एका हॉटेलात एक परका सावकार उतरला होता. रोज सकाळी त्याला एक उकडलेलं अंडं लागायचं. तो ते वरच्या टोकाने फोडतो की खालच्या, हे बघायला मंत्र्यांचा शिपाई दाराच्या फटीला डोळा लावून बसायचा. वरून फोडलं तर पौंड तरला. त्या सकाळी त्याने अंडं उलटं धरलं. एक परका माणूस, एका खोलीत बसून, या देशाचं राज्य पाडून गेला. नाव सगळ्यांना माहीत होतं. घ्यायचं कोणी नाही."

सगळे माझ्याकडे बघतायत, तू माझ्या शेजारी उभा, चेहऱ्यावर ते बारीक हसू. आणि मग छत्री वर.

"थाप," तू म्हणायचास. "असा कोणी माणूस नव्हता. अंडंही नव्हतं." आणि मग तू खरी गोष्ट सांगायचास. रविवारच्या संध्याकाळी मंत्री बागेत येरझारा घालत न्यूयॉर्कच्या तारेची वाट बघत होते. बेकारांच्या भत्त्यात कपात केली तर कर्ज मिळेल का, हा प्रश्न होता. तार आली, तिच्यात उलटा प्रश्न होता, की तुमच्या इथल्या बँकवाल्यांना ही कपात मान्य आहे ना? मंत्रिमंडळ दुभंगलं, सरकार गेलं. आणि ज्या सोन्यासाठी हे सगळं केलं, त्या सोन्यापासून पौंड थोड्याच आठवड्यांत सुटलाच. आभाळ काही कोसळलं नाही.

"मग गुन्हेगार कोण?" दरवेळी कोणीतरी विचारायचं.

"तेच तर," तू म्हणायचास. "चला, डबे उघडू."

यावरून आपण किती भांडलो! मी म्हणायचो, तू त्या सावकारांची वकिली करतोस. न्यूयॉर्कवाले काय धुतल्या तांदळासारखे होते? तू म्हणायचास, "मुळीच नव्हते. अटी त्यांनी घातल्या आणि त्या अटींनी बेकारांच्या ताटातलं कमी झालं. व्हिएन्नाला तर पॅरिसने स्पष्ट सांगितलं, कर्ज हवं तर शेजारच्या जर्मनीबरोबर जकातीचा करार करायचं सोडा. परक्या पैशाने देश वाकवले, हे खरंच आहे. पण अटी लिहिताना शाई कोणी पुरवली? इथल्याच लोकांनी. त्यांना जे स्वतःच्या तोंडाने बोलायचं नव्हतं, ते त्यांनी परक्याच्या तोंडी घातलं. दोन्ही खरं आहे, दिग्या. म्हणून ते ऐकायला कंटाळा येतो."

"लोकांना कोणीतरी एक माणूस लागतो रे," मी म्हणायचो. "रागवायला."

"लागतो. त्याचीच भीती वाटते," तू म्हणायचास, आणि मला पॅरिसच्या बसची गोष्ट ऐकवायचास. ती तू सहलीत कधी सांगितली नाहीस, मला मात्र दहा हजार वेळा सांगितलीस. बरं, दहा हजार नाही. त्याआधीच्या, विसाच्या दशकात फ्रँक घसरत होता. परदेशी बँकांचा हात त्यात होताच, पण फ्रान्समधल्या श्रीमंतांनीही आपला पैसा गुपचूप सीमेपार नेला होता. पॅरिसचे लोक चिडले. आणि त्यांनी गाठलं कोणाला? सहलीच्या बसमध्ये बसून शहर बघणाऱ्या परदेशी पाहुण्यांना. बसला गराडा घालून शिव्या दिल्या.

"सावकार कधी रस्त्यावर सापडत नाही," तू म्हणायचास. "रस्त्यावर जो सापडतो त्याला धरतात. आणि 'परका सावकार' म्हटलं की त्या काळच्या युरोपात लोकांच्या डोळ्यांपुढे कोणाचा चेहरा यायचा, माहीत आहे ना? गल्लीतल्या ज्यू शिंप्याचा. त्या शिंप्याने जन्मात बँक आतून बघितलेली नसायची. पुढे त्याचं काय केलं, तेही माहीत आहे."

मी विषय बदलायचो. मी एखादा घोडा आणायचो.

हॉस्पिटलमध्ये आपण शेवटचं बोललो तेही त्या छत्रीबद्दल. खिडकीतून पार्किंग दिसत होतं. तू उशीला टेकून बसला होतास आणि तुझे हात, एवढे मोठे हात, चादरीवर सुकलेल्या पानांसारखे पडले होते. मी नर्सला सांगत होतो की हा माणूस एके काळी सोन्याच्या विटा दातांनी पारखायचा. ती हसली. तू छत्री शोधल्यासारखा हात हवेत नेलास. मग ती गेल्यावर म्हणालास, "दिग्या, एक सांगायचं राहिलंय. छत्री वर जाईपर्यंत मला दरवेळी..."

तेवढ्यात जेवणाचा ट्रे आला. मॅश, ग्रेव्ही, जेली. त्या जेलीवर मी एक मोठं भाषण केलं, तू हसलास, आणि "उद्या सांगतो" म्हणालास.

छत्री वर जाईपर्यंत तुला दरवेळी काय, मिलिंद? हसू आवरत नाही? हात दुखतो? मी तेच धरून चाललो होतो.

तुला निरोप देताना सगळ्यांनी मिळून पंचशील म्हटलं. मीही म्हटलं. तीन नीट झाली. "मुसावादा वेरमणी" आलं आणि माझा आवाजच बंद पडला. शेजारच्या बाईंना वाटलं मी रडतोय. रडत होतोच. पण मी हेही बघत होतो, की आता यापुढे ते चौथं मला एकट्याला पुरं करायचंय.

त्यानंतरच्या रविवारी मंडळाने पिनरला तुझी स्मृतिसभा ठेवली. आणि जोगळेकरने पडद्यावर ती क्लिप लावली.

जोगळेकर म्हणजे आपला तो, प्रत्येक सहलीत मोबाइल पुढे धरून उलटा चालणारा, एकदा लाल पत्रपेटीवर आदळून तिला सॉरी म्हणालेला. शेवटच्या सहलीत त्याने आपली अंड्याची थाप शूट केली होती. स्टेटसला ठेवायला ती लांब होत होती, म्हणून त्याने अंडं कापलं. मग शेवटही कापला. राहिलं एवढंच, की मी गंभीर चेहऱ्याने म्हणतोय, "एक परका माणूस, एका खोलीत बसून, या देशाचं राज्य पाडून गेला. नाव सगळ्यांना माहीत होतं. घ्यायचं कोणी नाही." आणि शेजारी तू, पंडित माणूस, हसून उभा. छत्री खालीच.

"अरे, छत्री कुठाय?" मी ओरडलो.

"स्टेटसमध्ये बसत नव्हती हो," जोगळेकर म्हणाला. "आणि आपल्याला माहीतच आहे ना, पुढे छत्री येते ते."

आपल्याला माहीत आहे. सगळी गोची त्यातच आहे. आपल्या लोकांना माहीत होतं, म्हणून त्यांनी ती प्रेमाने ग्रुपाग्रुपांत पाठवली. आणि तुझी लेक मित्रा, तिने एडिनबराहून आणखी प्रेमाने त्या क्लिपला इंग्लिश सबटायटल्स लावली, तिच्या ऑफिसातल्या लोकांना बाबा कसा होता ते दाखवायला. खाली तुझं नाव, पुढे प्रोफेसर. तिथून ती कुठे कुठे गेली, देव जाणे.

मला ती परत भेटली माझ्याच कुंपणावर. ब्रायन, माझा शेजारी. तू त्याला भेटला आहेस, तोच तो, माझे कचऱ्याचे डबे आठवणीने बाहेर काढणारा. मी हेज कापत होतो. तो पलीकडून म्हणाला, "तुझ्या प्रोफेसर दोस्ताचं ऐकलं, डिग. सॉरी, मेट."

"थँक्यू, ब्रायन."

"व्हिडिओ बघितला मी तुमचा. माझ्या मेव्हण्याने पाठवला. खरं बोललास, प्रोफेसरलाही पटलेलं दिसलं. बाहेरच्यांनीच या देशाची वाट लावली. नाव मात्र घ्यायचं नाही म्हणे!" मग माझ्या चेहऱ्याकडे बघून घाईघाईने, "तुला नाही म्हणत हं. यू आर ऑल राइट, डिग."

माझ्या हातातली कात्री तशीच उघडी राहिली. बाहेरून आलेल्यांवर राग धरणाऱ्यांनी हल्ली आमच्या रस्त्यावर खांबाखांबावर झेंडे लावलेत. झेंड्यांचं मला काही नाही, झेंडा देशाचा असतो आणि देश माझाही आहे. पण गेल्या महिन्यात रत्नावहिनींना नॉटिंगहॅमच्या बसस्टॉपवर एकाने शांतपणे विचारलं, "अजून किती दिवस राहणार?" शांतपणे, मिलिंद. वेळ विचारावी तसं. आणि त्या माणसाच्या खिशातल्या फोनमध्ये तुझं हसू असू शकतं. तुझं, जो चौथं शील सांभाळायचा! मी जन्मभर लोकांना घाबरवण्यासाठी भुतं उभी केली, पण माझं भूत माझ्याच हेजवरून माझ्याकडे बघून 'तुला नाही म्हणत' म्हणेल असं कधी वाटलं नव्हतं. मी ब्रायनला काय म्हणालो माहीत आहे? "नाइस वेदर." आणि आत जाऊन दाराला साखळी लावली. भर दुपारी.

मग मित्राला फोन केला. तिला ती क्लिप काढायला सांगायचं होतं.

"का, दिगूकाका?" ती म्हणाली. "बाबाची स्माइल बघा ना त्यात. तो किती हॅपी दिसते. मी रोज ट्राममध्ये बघते."

आता सांग, काय बोलायचं? मी घोडा शोधला, सापडला नाही. मग सरळ सांगितलं सगळं. ब्रायन, बसस्टॉप, पॅरिसची बस.

"मम्मीने मला बसस्टॉपचं सांगितलं नाही," ती म्हणाली. "फुल व्हिडिओ टाकू ना मग. छत्रीवाला."

"जोगळेकरने उडवला. फोनमध्ये जागा नव्हती."

"ओह गॉड." मग नाक ओढत, "मी माझं डिलीट करते. पण बाकीच्यांकडे आहे ना, काका. ते आता परत नाही येत."

"नाही येत."

"मग वॉक परत करू या. बाबासाठी. मी नीट शूट करते, फ्रॉम स्टार्ट टु फिनिश. इंग्लिशमध्ये करा तुम्ही. आणि त्या ब्रायनला बोलवा."

तुझी मुलगी, दुसरं काय! मी म्हटलं माझे गुडघे. ती म्हणाली, गुडघ्यांनी थोडंच बोलायचंय. मंडळात विचारलं तर अर्धे लोक चुळबुळ करायला लागले. जोगळेकर म्हणाला, "दिगंबरराव, सध्याच्या दिवसांत आपण रस्त्यावर घोळक्याने उभं राहायचं? मोठ्याने बोलायचं? आणि तेही परक्या सावकारांबद्दल?" मी त्याला भित्रा म्हणालो. घरी येऊन मी दाराची साखळी दोनदा तपासली, ही गोष्ट वेगळी.

ब्रायन मात्र लगेच तयार झाला. "डबा असतो का?" त्याने विचारलं.

गेल्या शनिवारी आम्ही बँक स्टेशनला जमलो. रत्नावहिनी आल्या, तुझा मफलर गुंडाळून. मंडळातले थोडे आले. जोगळेकरही आला, टोपी कपाळावर ओढून, दरोडा घालायला निघाल्यासारखा. मित्राने फोन त्याच्या हातात दिला आणि दम भरला, "काहीच कट करायचं नाही हं, काका." आणि तुझी छत्री तिने स्वतःकडे घेतली.

"कधी वर करू?" तिने विचारलं.

"मी 'घ्यायचं कोणी नाही' म्हणालो की," मी म्हणालो. "पण थोडं थांबून. बाबा थांबायचा."

ती गोष्ट इंग्लिशमध्ये सांगायची माझी पहिलीच वेळ. इंग्लिशमध्ये मी चष्मे विकलेत, लांबलचक थापा मराठीतच मारल्यात. तुझा भागही मीच सांगितला, व्हिएन्ना, बर्लिन, सोनं. मग आवाज खाली आणला. हॉटेल. अंडं. ब्रायन गालात हसला. आणि मग ते वाक्य. एक परका माणूस, एका खोलीत बसून...

नव्वद वेळा बोललेलं वाक्य. बरं, पुष्कळ वेळा. पण मी नेहमी माझ्या बाजूने बोललो, तुझ्या बाजूने कधी बघितलं नव्हतं. या वेळी मी चेहऱ्यांकडे बघितलं. ब्रायनचं हसू थांबलं होतं आणि मान हलत होती. हळूहळू, वरखाली. त्याच्यामागे आपल्यातलेही दोघे-तिघे मान हलवत होते, ज्यांना पुढची छत्री माहीत होती तेसुद्धा! कारण ते वाक्य कानाला इतकं गोड लागतं. आणि कडेला एक अनोळखी माणूस थांबला होता, हातात कॉफीचा कप, निळा कोट. जाता जाता थांबला असावा. त्याने वाक्य पुरतं ऐकलं. "घ्यायचं कोणी नाही" ऐकलं. माझ्याकडे बघून ओळखीची मान हलवली, म्हणजे दोघांचं एक गुपित असावं तशी, आणि चालू लागला.

मित्राकडे बघितलं. ती तशीच उभी होती, छत्री खाली, माझ्याकडे बघत. बाबा थांबायचा, असं मीच सांगितलं होतं.

मग छत्री वर गेली. "दॅट इज अ लाय," तुझी मुलगी म्हणाली, मोठ्याने, अगदी तुझ्यासारखी.

पण निळा कोट कोपऱ्यावरून वळला होता.

मी पळालो, मिलिंद. हो, मी. पिशवी जोगळेकरच्या अंगावर टाकली आणि गल्लीतून पळालो, "एक्स्क्यूज मी! सर! ते खोटं आहे! नो एग! नो मॅन!" असं ओरडत. शनिवारची सिटी ओस असते, माझा आवाज त्या दगडी भिंतींवरून माझ्याच अंगावर येत होता. एक म्हातारा, तपकिरी, धापा टाकत, एका गोऱ्या माणसाच्या मागे ओरडत पळतोय. कोणी बघितलं असतं तर काय समजलं असतं, हे मला तिसऱ्या खांबापाशी सुचलं. तरीही पळालो.

परत आलो तेव्हा सगळे तसेच उभे होते. श्वास बसल्यावर मी तार सांगितली, बाग सांगितली, तो उलटा प्रश्न सांगितला. एकही विनोद सुचला नाही. मग, तू सहलीत कधी न सांगितलेली, पॅरिसची बसही सांगितली. रत्नावहिनी मफलर हातात धरून खाली बघत होत्या.

"मग कोण होता तो?" ब्रायनने विचारलं. "शेवटी दोष कोणाचा?"

"थोडा त्यांचा. बराच इथल्यांचा. कोणा एकाचा नाही."

"ही गोष्ट काही बरी नाही, डिग," तो म्हणाला. "हिच्यात चिडायला कोणीच नाही." मग वहिनींच्या हातून थालीपिठाचा तुकडा घेत, "त्या बसमधले लोक. त्यांना लागलं का कोणाला?" त्याने हे विचारलं. मला एवढंच पुरलं असतं, पण पुरत नाही, कारण त्याला क्लिप पाठवणारा मेव्हणा सहलीला आला नव्हता.

डबे खाऊन झाल्यावर मित्रा माझ्या शेजारी बाकावर येऊन बसली. क्लिप तिने इंटरनेटवरून काढली आहे, पण स्वतःच्या फोनमध्ये ठेवली आहे. ती तुझ्या हसण्यावर थांबवली आणि दोन बोटांनी मोठी केली. मोठं करून बघायचं हा माझा धंदा, पण दाखवलं तिने. वर तुझं हसू. आणि खाली छत्रीच्या मुठीवर तुझा हात. इतका घट्ट, की बोटांची पेरं पांढरी पडलीत. आणि तू माझ्याकडे बघतच नाहीयेस. तू लोकांच्या चेहऱ्यांकडे बघतोयस.

"काका," ती म्हणाली, "बाबा हॅपी नाहीये."

छत्री वर जाईपर्यंत तुला दरवेळी काय व्हायचं, ते मला कळलं. उशिरा कळलं, जेली संपल्यावर. मी जाळीवर उड्या मारत होतो आणि जाळी धरणाऱ्याचे हात दरवेळी थरथरत होते. आणि तरीही तू मला कधी म्हणाला नाहीस, की दिग्या, ही थाप नको, दुसरी सांग. का नाही म्हणालास? मला दुखवायचं नव्हतं म्हणून? की लोकांनी एकदा ते गोड वाक्य गिळून बघावं आणि मग त्यांना कळावं, आपण काय गिळलं, असं तुला वाटायचं? हे भांडण राहिलं आपलं. तुझी बाजू मी मांडून बघतो, पण मी तुला फार सोपं बोलायला लावतो.

तुझी छत्री मित्राने माझ्याकडेच ठेवली. दाराच्या मागे टांगली आहे, साखळीच्या बाजूला. तुझे अजून आभार मानायचे राहिलेत, तेही त्या छत्रीकडे बघून मनात म्हणतो. बोललो तर मी वाढवून बोलेन.

आणि तो निळा कोट. सगळे विचारतात, सापडला का? मी सांगतो, सापडला. स्टेशनच्या पायऱ्यांवर गाठला, खांद्याला धरून थांबवला, सगळी खरी गोष्ट सांगितली. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं, माझा हात हातात घेतला, डोळे पुसले आणि मला कॉफी पाजली. लोक ऐकतात आणि माना डोलावतात. एकजणही हरकत घेत नाही.

छत्री वर कर, मिलिंद.